पापणी लवेपर्यंत काय काय होऊन जातं

तेरड्याचं पिकलेलं बोंड दोन बोटांत हलकेच दाबलं की फट्कन फुटतं. बोटांना गुदगुल्या होतात, बिया कुठेतरी उडून गेलेल्या असतात आणि हातात उरतात अळीसारख्या गुंडाळलेल्या हिरव्या पट्ट्या. लहानपणापासून केलेला हा उद्योग परवा मी फोनवर टिपायचं ठरवलं. फोन स्लो मोशनवर लावला, म्हणजे सेकंदाला २४० चित्रं. तीन बोंडं वाया गेली, चौथ्याला नेम साधला.

मग एकेक चित्र पुढे सरकवत पाहिलं. एका चित्रात बोंड अख्खं, टोकाशी जेमतेम एक चीर. पुढच्या चित्रात पट्ट्या गुंडाळून झालेल्या आणि कडेला एक धुरकट रेघ, ती बी असावी. मधलं काहीच नाही. फुटण्याआधीचं होतं, फुटल्यानंतरचं होतं, फुटणं तेवढं नव्हतं.

हिशेब केला तेव्हा कारण कळलं. सेकंदाला २४० चित्रं म्हणजे दर चार मिलिसेकंदांनी एक चित्र. (मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.) तेरड्याच्याच वंशातल्या उत्तर अमेरिकेतल्या एका रानटी जातीच्या पट्ट्या गुंडाळायला किती वेळ लागतो हे संशोधकांनी मोजलंय, आणि तो भरतो सुमारे चार मिलिसेकंद. म्हणजे फोनने नेमकी तेवढीच डुलकी काढली होती.

मुंगीचा जबडा ताशी दोनशे किलोमीटर वेगाने मिटतो, पिसू एका मिलिसेकंदात जमीन सोडते, असली वाक्यं आपण हल्ली सारखी ऐकतो. ऐकणारा ‘अबब’ म्हणतो किंवा ‘काहीतरीच’ म्हणतो. मला यातला वेगाचा आकडा सगळ्यात कमी रंजक वाटतो. तो कसा मोजला आणि एवढा वेग येतो कुठून, खरी गंमत तिथे आहे.

फ्रेम किती लागतात?

चलच्चित्र म्हणजे स्थिर चित्रांची माळ. त्यातलं एक चित्र म्हणजे एक फ्रेम. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमवर चालतो, फोनचा साधा व्हिडिओ ३० किंवा ६० वर. माणसाची हालचाल टिपायला एवढं पुष्कळ झालं, कारण आपण मुळात संथ प्राणी आहोत.

आता ट्रॅप-जॉ नावाची मुंगी घ्या. ही जबडा सरळ रेषेत ताठ उघडून ठेवते आणि सावजाचा केस जरी लागला तरी तो मिटते. २००६ मध्ये जीवशास्त्रज्ञ शीला पाटेक आणि सहकाऱ्यांनी मोजलं तेव्हा हे मिटणं सरासरी ०.१३ मिलिसेकंदात उरकत होतं. ६० फ्रेमच्या साध्या व्हिडिओच्या एका फ्रेमच्या वेळात ही मुंगी सव्वाशे वेळा जबडा मिटू शकली असती, मध्ये उघडायचा वेळ धरला नाही तर. पाटेक यांनी सेकंदाला ५० हजार फ्रेम घेतल्या. एवढं करून त्या ०.१३ मिलिसेकंदात फ्रेम आल्या किती? सहा-सात. पण सहा-सात फ्रेममध्ये जबडा कुठून निघाला, मध्ये कुठे होता, कुठे थांबला हे मोजता येतं. वेग निघाला सेकंदाला ३५ ते ६४ मीटर, म्हणजे ताशी सव्वाशे ते दोनशे तीस किलोमीटर.

फ्रेम कमी पडल्या तर नुसतं अस्पष्ट दिसतं असं नाही, चक्क खोटं दिसतं. पडद्यावर पुढे धावणाऱ्या गाडीचं चाक उलटं फिरताना तुम्ही पाहिलं असेल. दोन फ्रेमच्या मध्ये चाक जवळजवळ पूर्ण फेरी मारतं, आणि आपल्याला वाटतं की ते किंचित मागे सरकलं. डासाचे पंख सेकंदाला सातशेच्या आसपास वेळा फडफडतात. तिथे हजार फ्रेम घेणारा फसणारच. २०१७ मध्ये डासाच्या उडण्याचा जो नीट अभ्यास झाला, त्यात आठ कॅमेरे एकाच वेळी सेकंदाला १० हजार फ्रेम घेत होते. एका फडफडीला चौदा-एक फ्रेम आल्या. आठ कॅमेरे अशासाठी, की एका बाजूने पाहिलं तर आपल्याकडे येणारा पंख जागच्या जागी थांबल्यासारखा दिसतो.

मग लाखभर फ्रेम घ्यायला हरकत काय?

हरकत प्रकाशाची. नळाखाली भांडं धरण्यासारखं आहे हे. घराच्या आत घेतलेल्या साध्या व्हिडिओत एका फ्रेमला सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतका प्रकाश मिळू शकतो. सेकंदाला ५० हजार फ्रेम घेतल्या तर त्याचा हजारावा हिस्सा, तोही फार तर. भांडं हजारपट लवकर काढून घेतलं, तेव्हा भरायचं असेल तर नळच हजारपट जोरात सोडायला हवा. म्हणून असल्या प्रयोगांत एका मुंगीवर झगझगीत दिव्यांचा मारा होतो.

दुसरं, कॅमेऱ्यातली प्रकाश टिपणारी चिप एका सेकंदात ठरावीक एवढीच माहिती वाचून काढू शकते. फ्रेम वाढवायच्या तर प्रत्येक फ्रेम लहान करावी लागते. चादर तेवढीच, डोक्यावर ओढली की पाय उघडे. अतिवेगवान चित्रणं पुष्कळदा टपाल तिकिटाएवढी आणि काळी-पांढरी का असतात, ते यावरून कळेल.

तिसरी अडचण मला सगळ्यात आवडते. मुंगी जबडा कधी मिटेल हे सांगून मिटत नाही. तो मिटलेला पाहून माणसाने बटण दाबेपर्यंत सेकंदाचा पाचवा भाग सहज निघून जातो आणि घटना कधीच संपलेली असते. बरं, सगळंच टिपून ठेवावं, तर ५० हजार फ्रेमने घेतलेला एक सेकंद साध्या ३० फ्रेमच्या गतीने पाहायला जवळजवळ अठ्ठावीस मिनिटं लागतात. यावरचा तोडगा असा की कॅमेरा सतत टिपत राहतो आणि सतत पुसतही राहतो. फळ्यावर एकजण लिहीत चाललाय आणि दुसरा मागून पुसत येतोय, तसं. घटना घडून गेल्यावर तुम्ही बटण दाबता, पुसणारा थांबतो आणि फळ्यावर शेवटचे काही सेकंद शिल्लक राहतात. बटण नंतर दाबायचं आणि चित्रण आधीचं मिळवायचं!

डोळ्यांवर विसंबलेले शहाणे

१८७८ पर्यंत चित्रकार दौडणारा घोडा काढायचे तो पुढचे पाय पुढे आणि मागचे पाय मागे फेकलेला, हवेत तरंगणारा. छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिजने कॅलिफोर्नियात पालो आल्टो इथे धावपट्टीच्या कडेला १२ कॅमेरे ओळीने लावले आणि पळत्या घोड्याने दोरे तोडले की ते एकामागून एक उघडतील अशी योजना केली. चित्रांत दिसलं की घोड्याचे चारही पाय खरोखर जमीन सोडतात, पण पाय फाकलेले असताना नाही, तर पोटाखाली गोळा केलेले असताना. पिढ्यान्‌पिढ्या घोड्यांवर बसणाऱ्या, घोड्यांचा व्यापार करणाऱ्या लोकांना हे माहीत नव्हतं.

अगदी डार्विनही चुकला. सीतेची आसवं या फुलांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्या वंशातल्या, पाण्यात वाढणाऱ्या वनस्पतींना मोहरीएवढ्या पिशव्या असतात आणि त्यांत बारीक जलजीव अडकतात. डार्विनला वाटलं, जीवच डोक्याने दार रेटून आत घुसत असणार. खरं म्हणजे पिशवी आधी आतलं पाणी बाहेर काढून भिंती आत खेचून बसलेली असते. दारावरच्या केसाला धक्का लागला की दार उघडतं आणि पाण्यासकट जीव आत ओढला जातो. हा दाबाचा खेळ विसाव्या शतकात उलगडला. दार नेमकं कसं उघडतं ते मात्र २०११ मध्ये वेगवान कॅमेऱ्याने दाखवलं. बाहेर फुगलेलं दार उलटं होऊन आत फुगतं आणि वाट मोकळी होते. सगळा प्रकार एका मिलिसेकंदाच्या आत. डार्विनला दोष कसा द्यायचा? त्याच्याकडे भिंग होतं, घड्याळ नव्हतं.

पिस्तूल कोळंबीची गोष्टही अशीच. ती नांगी मिटते तेव्हा पाण्यात ‘टक्’ असा मोठा आवाज होतो. नांगीचे दोन भाग आपटल्याचा आवाज, असं सगळे धरून चालले होते. २००० मध्ये सेकंदाला ४० हजार फ्रेमचं चित्रण आणि पाण्यातल्या मायक्रोफोनची नोंद शेजारी-शेजारी ठेवून पाहिली, तर नांगी मिटते तेव्हा आवाज होतच नाही. मिटताना पाण्याची चिळकांडी इतक्या वेगाने सुटते की तिच्यात बुडबुडा तयार होतो. तो फुगतो, कोसळतो, आणि ‘टक्’ होतं ते तो कोसळतो त्या क्षणी.

सुतारपक्ष्याचं उदाहरण मात्र ताजं आहे, आणि आजही पुष्कळांना नवं असेल. त्याच्या कवटीत धक्का शोषणारी स्पंजासारखी रचना असते, म्हणून दिवसभर टोचा मारूनही मेंदू शाबूत राहतो, असं आपण वाचत आलो. त्यावरून हेल्मेटांच्या कल्पनाही निघाल्या. २०२२ मध्ये संशोधकांनी तीन जातींच्या सुतारपक्ष्यांचं वेगवान चित्रण केलं. प्रत्येक फ्रेममध्ये चोचीवरचा एक बिंदू आणि डोळ्याजवळचा एक बिंदू धरून त्यांचा मागोवा घेतला. कवटी धक्का शोषत असेल तर चोच झटकन थांबेल आणि डोळा जरा सावकाश. तसं काही झालं नाही. दोन्ही सारख्याच झटक्याने थांबले. सुतारपक्ष्याचं डोकं म्हणजे गादी नव्हे, सरळ हातोडा आहे. विचार केला तर पटतं: हातोडीला रबराचं डोकं बसवून खिळा कोण ठोकेल? मेंदू वाचतो तो लहान असल्यामुळे. एवढ्याशा मेंदूला हा धक्का झेपतो.

वेग आणायचा कुठून?

आता मूळ प्रश्न. मुंगीचे स्नायू आपल्या स्नायूंपेक्षा काही वेगळ्या मातीचे नाहीत. आणि स्नायूची एक जुनी खोड आहे: जोर लावायचा तर तो सावकाश आकसतो, भराभर आकसायचं म्हटलं तर जोर कमी पडतो. मग ०.१३ मिलिसेकंदाचा जबडा कसा?

बाण हाताने फेकून पाहा. चार-दोन पावलांवर पडेल. तोच धनुष्याला लावून सोडा. दोन्ही वेळा ताकद तुमच्याच दंडाची, फरक इतकाच की धनुष्य तुम्ही सावकाश ओढलंत आणि ते सुटलं एकदम. जेवढी ऊर्जा सेकंदभरात भरली तेवढीच सेकंदाच्या हजाराव्या भागात बाहेर पडली. ऊर्जा वाढली नाही, वेळ आटला. थेंबे थेंबे तळे साचे हे आपल्याला माहीत आहे. इथे साचलेल्या तळ्याचा बांध फुटतो.

यासाठी तीन गोष्टी लागतात: सावकाश ताणणारा स्नायू, ताण साठवणारी स्प्रिंग आणि तो वेळ येईपर्यंत अडवणारा खटका. उंदराच्या सापळ्यात तिन्ही दिसतात. प्रयोग करायचा तर सापळाही नको, चुटकी वाजवा. अंगठा आणि मधलं बोट एकमेकांवर दाबताना तुम्ही ताण साठवत असता, आणि बोटं घसरू न देणारं घर्षण हा खटका. २०२१ मध्ये चुटकीचंही वेगवान चित्रण झालं; ती साधारण ७ मिलिसेकंदांत वाजते, पापणी लवायला याच्या वीसपट वेळ लागतो. बोटांना साबण लावून बघा. खटकाच उरत नाही, म्हणून ताण साठत नाही आणि चुटकी फुसकी निघते. ड्रॅक्युला नावाच्या मुंगीचे जबडे तर हुबेहूब चुटकीसारखे चालतात. टोकं एकमेकांवर दाबायची आणि घसरू द्यायची. २०१८ मध्ये त्यांचा वेग सेकंदाला ९० मीटर भरला.

कोळंबीसारख्या दिसणाऱ्या मँटिस श्रिम्पकडे गदेसारखा अवयव असतो आणि तो त्याने गोगलगायींचे शंख फोडतो. २००४ मध्ये मोजलेला वेग होता सेकंदाला १४ ते २३ मीटर, तोही पाण्यात. त्याच्या अवयवात घोड्याच्या खोगिरासारखी वळलेली एक पट्टी आहे, तीच स्प्रिंग. फटक्याच्या मागे पाण्यात बुडबुडे होऊन कोसळतात, त्यामुळे शंख एका फटक्यात दोनदा मार खातो. बळाच्या नोंदीत दोन शिखरं वेगळी दिसतात.

वेगवान कॅमेरा झटका दाखवतो हे खरं, पण त्याचं खरं काम झटक्याआधीच्या फ्रेममध्ये आहे. स्नायू ताणला जातोय, पट्टी वाकतेय, बाहेरून मात्र सगळं शांत. वेगाचा उगम त्या शांत भागात असतो.

दोन पाय एकाच क्षणी

तुडतुड्यांच्या नात्यातला इसस नावाचा एक किडा युरोपात सापडतो. त्याची पिल्लं दोन्ही मागचे पाय एकदम झाडून उडी मारतात. उडीसाठी स्प्रिंग आहेच, पण पाय दोन. एक जरा आधी सुटला तर किडा पुढे जायच्याऐवजी भिंगरीसारखा गिरकी घेईल. ‘जरा’ म्हणजे किती? चित्रणात दोन्ही पायांमधला फरक निघाला ३० मायक्रोसेकंदांच्या आत. (मायक्रोसेकंद म्हणजे मिलिसेकंदाचाही हजारावा भाग.) इथे डोकं खाजवायची पाळी येते, कारण मज्जातंतूतला एक संदेशच मुळी मिलिसेकंदभराचा असतो. गजराच्या घड्याळाने धावण्याच्या शर्यतीचा निकाल लावावा, तसं ते.

२०१३ मध्ये केंब्रिजच्या माल्कम बरोज आणि ग्रेगरी सटन यांनी उत्तर दिलं. पिल्लाच्या दोन्ही मागच्या पायांच्या मुळाशी दातेरी चाकाचा तुकडा आहे. एका पायाचे दात दुसऱ्याच्या दातांत बसतात, अगदी सायकल दुरुस्तीवाल्यालाही पटेल असे, प्रत्येकी दहा-बारा. एक पाय निघाला की दुसऱ्याला निघावंच लागतं, मेंदूला विचारत बसायचं काम नाही. मेलेल्या पिल्लाच्या एका पायाचा कंडरा ओढून पाहिला, तर दुसरा पायही हलला. पिल्लू मोठं होताना शेवटची कात टाकतं तेव्हा हे दातही जातात. त्यांचा अंदाज असा की एखादा दात मोडला तर पिल्लाला पुढच्या कातीत नवा मिळतो, मोठ्या किड्याला तो मिळणार नाही; म्हणून मोठे नुसत्या पायांच्या घर्षणावर काम भागवतात.

वनस्पतींना तर स्नायूच नाहीत

नाहीत. त्यांच्याकडे पाणी आहे आणि पेशींच्या ताठ भिंती. लाजाळू पानं मिटते ती देठाच्या मुळाशी असलेल्या फुगीर भागातल्या पेशींमधलं पाणी बाहेर सोडून. पण पाणी पेशींतून झिरपतं तेवढ्याच वेगाने ही हालचाल होऊ शकते, त्यापुढे नाही. म्हणून लाजाळूला सेकंदभर लागतो आणि तिला पाहायला साधा डोळा पुरतो.

त्याहून घाई असेल तर वनस्पतीही तीच युक्ती करते: पाण्याने सावकाश ताण भरायचा आणि मग तो एकदम सोडायचा. व्हीनस फ्लायट्रॅपचं पान किडा आल्यावर सेकंदाच्या दहाव्या भागात मिटतं. २००५ मध्ये चित्रण करून पाहिलं तेव्हा कळलं की पानाच्या दोन्ही झडपा बाहेरच्या बाजूला वळलेल्या असतात आणि झटक्यात उलट्या होऊन आत वळतात. केसांना लावायची ती ‘टक्’ वाजणारी पत्र्याची क्लिप असते ना, तसं. पाणी क्लिपला कडेपर्यंत आणून ठेवतं, पुढचं काम आकाराचं.

उत्तर अमेरिकेतल्या बंचबेरी या जंगली झुडपाचं फूल अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत उघडून पराग उडवतं. त्याला सेकंदाला १० हजार फ्रेम लागल्या. पांढऱ्या तुतीने तर कमाल केली. तिचे पुंकेसर २५ मायक्रोसेकंदांत सरळ होतात आणि त्यांचा वेग ध्वनीच्या निम्म्याहून जास्त जातो. तेच तुतीचं झाड, ज्याच्या पानांवर रेशमाचे किडे सावकाश चरतात.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण नेच्याचं. नेच्याच्या पानामागे तपकिरी ठिपके असतात, त्यात बीजाणूंच्या इवल्या पिशव्या. प्रत्येक पिशवीवर डझनभर पेशींचं कडं असतं. हवा कोरडी झाली की त्या पेशींतलं पाणी उडतं, भिंती आत ओढल्या जातात आणि कडं उलटं ताणत ताणत उघडतं. ताण सोसवेनासा झाला की पेशींतल्या पाण्यात बुडबुडे फुटतात आणि कडं फाडकन मिटायला लागतं. बुडबुडा हाच खटका. इथे अडचण अशी की गोफणीचा हात पूर्ण मिटला तर बीजाणू आतच राहतील. जुन्या दगडफेकी यंत्रात हाताला मध्येच अडवायला आडवी दांडी असे. नेच्याकडे दांडी नाही. २०१२ च्या अभ्यासात दिसलं की कडं काही मायक्रोसेकंदांत वाटेत कुठेतरी थबकतं आणि उरलेला रस्ता सावकाश पुरा करतं, कारण भिंतींत भरलेलं पाणी एवढ्या घाईत हलू शकत नाही आणि तेच ब्रेकचं काम करतं. हात थबकतो, बीजाणू पुढे निघून जातात. कसले स्नायू आणि कसले मज्जातंतू, सगळं यंत्र पाण्याचं.

आकडे फुगवलेले वाटतात

मँटिस श्रिम्पच्या फटक्याला गुरुत्वाकर्षणाच्या दहा हजारपट त्वरण असतं, असं सांगितलं की कुणीही भुवई उंचावेल. त्वरण म्हणजे वेग किती झटकन वाढतो ते. गाडी शून्यापासून सेकंदाला २० मीटर वेग गाठायला पाचेक सेकंद घेते, त्यात कित्येक मीटर रस्ता लागतो. तोच वेग दोन मिलिमीटरमध्ये गाठायचा असेल तर त्वरण आपोआप दर सेकंद वर्गाला एक लाख मीटरच्या घरात जातं, म्हणजेच तो दहा हजारपटीचा आकडा. अचाट ताकदीपेक्षा लहान अंतराची ही करामत जास्त आहे. म्हणून ‘मुंगी चित्त्याहून वेगवान’ असल्या तुलना मला फारशा पटत नाहीत. चित्ता शेकडो मीटर पळतो, मुंगीचा जबडा मिलिमीटरभर.

शंकेला मात्र जागा आहे. कॅमेरा वेग मोजत नाही, जागा मोजतो. दोन जागांवरून वेग काढायचा आणि दोन वेगांवरून त्वरण. जागा वाचताना एका ठिपक्याची चूक झाली तर वेगात ती वाढते आणि त्वरणात आणखी वाढते. म्हणून जाणकार अभ्यासक एकच मोठा आकडा देत नाहीत, ‘३५ ते ६४’ असा पल्ला देतात. पल्ला दिलेला दिसला की मी निश्चिंत होतो.

फोनमध्येही स्लो मोशन असतंच की

असतं, आणि तेरड्याचं बोंड कळायला त्याने मलाही मदत केली. पण सावध राहा. काही फोनमध्ये संगणक दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये स्वतःच्या अंदाजाने आणखी फ्रेम घालतो. दिसायला हालचाल लोण्यासारखी मऊ. माझ्या बोंडाची चित्रफीत अशी ‘मऊ’ केली असती तर चिरलेल्या बोंडापासून गुंडाळलेल्या पट्ट्यांपर्यंतचा छान प्रवास दिसला असता, आणि त्यातलं एकही चित्र घडलेलं नसतं. संगणकाला माहीत नसलेलं तो फक्त सराईतपणे भरतो. पिस्तूल कोळंबीचा बुडबुडा असल्या अंदाजाने कुणालाही सापडला नसता.

झगझगीत दिव्यांत प्राणी बुजत नाहीत?

बुजतात, तापतातही. म्हणून दिवे क्षणभरच लावतात, किंवा प्राण्याला दिसत नाही असा अवरक्त प्रकाश वापरतात. कधी मात्र हीच अडचण कामी येते. पिसू उडी मारताना ढोपरासारख्या वरच्या भागाने जमीन रेटते की पावलाने, हा वाद १९६७ पासून पडून होता. उडीचा जोर रेझिलिन या रबरासारख्या प्रथिनात साठतो हे तेव्हाच कळलं होतं, पण तो जमिनीवर कुठून उतरतो ते पाहायला कॅमेरे पुरेसे वेगवान नव्हते. ४४ वर्षांनी, २०११ मध्ये, सटन आणि बरोज यांनी तो वाद मिटवला. पिसू अंधारात गप्प बसते आणि उजेड झाला की उडते, असं त्यांच्या लक्षात आलं. मग काय, दिवा लावायचा आणि चित्रण करायचं. उत्तर आलं: पावलाने.

याचा उपयोग काय?

काहींचा उपयोग आहे, काहींचा नाही, आणि नसला तरी मला चालतं. सुतारपक्ष्याच्या अभ्यासाचा उपयोग एवढाच की त्याची कवटी पाहून हेल्मेट बनवू नका हे कळलं. मँटिस श्रिम्पच्या गदेची थरांची रचना पाहून न तडकणाऱ्या साहित्यावर काम चाललंय.

थेट दाखवता येईल असं उदाहरण हवं असेल तर कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये बनवलेलं उडी मारणारं यंत्र घ्या. साधारण फूटभर उंच, वजन ३० ग्रॅम. कार्बनच्या पट्ट्या आणि रबर ताणायला एक चिमुकली मोटर आहे, ती दोरी गुंडाळत राहते. प्राण्याचा स्नायू एका वेळी एकदाच आकसतो, ही मोटर मात्र फेऱ्यांवर फेऱ्या मारून ताण भरत जाऊ शकते. मग खटका सुटतो आणि यंत्र ३० मीटरहून उंच जातं. मुंगीकडून त्यांनी साठवण उचलली आणि मुंगीला जमत नाही ते त्यात घातलं.

ते वाचल्यापासून मी बोंडाच्या फुटण्याच्या मागे लागणं सोडलंय. ते चार मिलिसेकंद माझ्या फोनच्या आवाक्यातले नाहीत. पण ताण भरायला बोंडाला कित्येक दिवस लागतात, आणि ते फोनला सहज जमण्यासारखं आहे. सध्या तो कुंडीसमोर पुस्तकांच्या चवडीला टेकवून ठेवलाय, एका कोवळ्या हिरव्या बोंडाकडे तोंड करून, दर दहा मिनिटांनी एक फोटो. आज तिसरा दिवस. बोंड किंचित फुगलंय, आणि शिवणीवरच्या रेघा कालपेक्षा ठळक दिसताहेत.